दोन रेघा

"रेघा नकोत, मॅडम. गिऱ्हाइकासमोर रेघा तेवढ्या नकोत."

मगदूमसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून पडद्याकडे बोट दाखवत होते. पडद्यावर आमच्या कार्डाचं पान उघडं होतं. पंखा एक, पंखा दोन, वीजपुरवठा, आणि त्याखाली मी नव्यानं घातलेली ओळ: तापमान. तिच्यापुढे एकतीस दिसत होतं. पान ताजं झालं, आणि आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. पुढच्या खेपेला पुन्हा एकतीस.

"सेन्सरनं उत्तर दिलं नाही की रेघा येतात, साहेब. पंख्याचं आणि त्याचं बोलणं एकाच तारेवरून चालतं. दोघं एकदम बोलले की एकाचं ऐकू येत नाही."

"म्हणजे आमच्या घरासारखंच." साहेब हसले. "पण सोमवारी दूध संघाची माणसं येणार. त्यांना रेघा दिसल्या की म्हणतील, यंत्र नवं आणि दुखणं जुनं. उत्तर नाही आलं तर मागचं उत्तर दाखवा की. दोन सेकंदांत असं काय बदलतंय?"

"आणि उत्तर यायचं कायमचंच थांबलं तर?"

"ते नंतर बघू. सोमवार तेवढा निभावू द्या."

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत साहेबांचा छोटा कारखाना होता. चौदा माणसं. लोखंडी कपाटात बसवलेल्या यंत्रांवर लक्ष ठेवणारं तळहाताएवढं कार्ड आम्ही करत असू. कार्डातच एक लहानसा वेब सर्व्हर होता, त्यामुळे कुठल्याही कॉम्प्युटरवरून त्याचं पान उघडून कपाटाची तब्येत बघता यायची. पंखे फिरतात का, वीज नीट येते का, हे त्यावर पहिल्यापासून होतं. दूध संघाला तापमानही हवं होतं. त्यांची शीतकरण केंद्रं आडगावी, पत्र्याच्या शेडात. कपाट तापलं की दूध गार ठेवणारी यंत्रं बंद पडायची.

मी दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं नाही, तर मागचा आकडा तसाच ठेव. शेजारी माझ्यासाठी टीप लिहिली: "तात्पुरते. सोमवारनंतर काढणे."

सोमवार निभावला. तेवीस कार्डांची मागणी आली. त्याच आठवड्यात आषाढी एकादशी होती, आणि माझं चातुर्मासाचं व्रत सुरू झालं. दोन्ही वेळा जेवताना मौन, आणि रोज हातानं वळलेल्या एकवीस वाती. हे व्रत आधी सासूबाईंचं. तीस वर्षं चालवून, गुडघे आणि दातांनी दगा दिल्यावर त्यांनी ते माझ्याकडे दिलं. एका दुपारी समोर बसवून सगळे नियम सांगितले. मी मान डोलवत ऐकले. व्रताकडे माझं बारीक लक्ष असे. एक वात कमी वळली गेली तर रात्री झोप यायची नाही.

त्या टिपेची आठवण मात्र मला एकदाही झाली नाही.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळी मगदूमसाहेबांची जीप आमच्या दारात उभी राहिली. "शेंडेवाडीचं केंद्र बसलं," ते म्हणाले. "कपाट भाजून निघालंय. नऊ हजार लिटर दूध नासलं. चला."

वाटेत मी पिशवीतून कापूस काढून वाती वळत बसले. साहेब गाडी चालवत म्हणाले, "पंखे चांगले फिरत होते म्हणे. जाळी तुंबली. कडब्याच्या धुळीनं अशी भरली की आत वाराच जाईना. पंचेचाळीसच्या वर आकडा गेला की जाळी झाडायची, दार उघडायचं, एवढं भिंतीवर लिहून ठेवलंय. ऑपरेटरनं काही केलं नाही. झोपला असणार."

केंद्रावर आंबूस वास भरला होता. व्यवस्थापक थोरबोले टेबलावर नोंदवही उघडून बसले होते. त्यांच्यासमोर पन्नाशी ओलांडलेला एक माणूस हात बांधून उभा होता. खाकी सदरा, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, डोळे जागरणानं लाल.

"हे आमचे बाबालाल नदाफ," थोरबोले म्हणाले. "सव्वीस वर्षं नोकरी. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे. आणि हा त्यांचा पराक्रम बघा, मॅडम."

वही त्यांनी माझ्याकडे फिरवली. तासातासाला एक नोंद. अक्षर तिरपं पण स्वच्छ. गुरुवारी सकाळी अकरापासून खाली अडतीस, अडतीस, अडतीस. पानभर. पान उलटलं तर पुढेही अडतीस.

"सकाळी सहाला अडतीस आणि भर दुपारी दोनलाही अडतीस! ऑक्टोबरच्या उन्हात, पत्र्याखाली! अहो, तापानं फणफणलेला माणूससुद्धा इतका सरळ राहत नाही. जोडीदार दसऱ्याला गावी गेला, ह्यांना दोन्ही पाळ्या आल्या, आणि ह्यांनी एकदाच बसून वही भरून टाकली."

"जे दिसलं त्येच लिवलं, सायेब," नदाफ म्हणाले.

"मग पडदा खोटं बोलला का?"

"पडद्याचं मला काय कळतंय? मी दिसलं ते लिवलं."

"सोमवारी दहाला चौकशी आहे. तुमचं सांगणं तिथं सांगा. पण मला पुढचं दिसतंय. घरी बसावं लागणार."

मी म्हटलं, "मी जरा कपाट बघते."

नदाफ किल्ली घेऊन माझ्याबरोबर आले. वाटेत त्यांची नजर माझ्या पदरावर गेली. तिथं कापसाचे बारके तंतू चिकटले होते.

"वाती करताय जणू, ताई? ह्या कापसात कचरा हाय. वात तडतडणार तुमची."

"दुकानात हाच मिळतो."

"आमी नदाफ म्हंजे पिंजारी. माझा बा धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या पिंजत फिरायचा. मला नोकरी लागली तवा म्हनला, बरं झालं, एकाच जाग्याला बसशील." ते थोडं हसले. "आता ह्या वयात कुटं फिरू सांगा."

त्यांनी कपाट उघडलं. नियंत्रण करणारा भाग काळा पडला होता, पण आमचं कार्ड वरच्या कप्प्यात शाबूत होतं. मी सेन्सरची तार शोधली. तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर, त्याची केसासारखी तार, आणि टोकाला खोबणीत बसणारा पांढरा जोड. जोड खोबणीत नव्हता. कॉम्प्रेसरच्या हादऱ्यांनी कधीतरी निसटला होता. गुरुवारी. अकराच्या सुमाराला.

मी तो बोटांत धरला. शेजारच्या टेबलावर नदाफांचा पडदा चालू होता. पान ताजं झालं. तापमान: अडतीस.

आमच्या दोघांच्याही नजरा तिथं गेल्या. नदाफांनी एकदा पडद्याकडे, एकदा माझ्या बोटांकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाले, "ताई, तार तुमच्या हातात हाय. मग त्येला अडतीस कोन सांगतंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "ते मागचं दाखवतंय. तशी सोय मीच केली होती."

"म्हंजे मी वही भरली नाय."

"नाही. तुम्ही खरं तेच लिहिलंत."

ते तिथल्या लोखंडी स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझ्या पोराला काल कुनीतरी म्हनलं, तुजा बा झोपला आन् गावाचं दूध नासलं. पोरगं घरी येऊन जेवलं न्हाई." मग त्यांनी वर पाहिलं. "तुमी सांगाल? माझ्या बोलन्याला आता कोन इचारतंय?"

"सांगते. थोरबोल्यांना, सगळ्यांसमोर सांगते."

"आज?"

"आज. आत्ताच."

मी बाहेर आले. मगदूमसाहेब पडवीतच होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तार निसटली होती एवढंच पुरे. मागचा आकडा वगैरे आज नको. सोमवारची चौकशी ह्यांच्या घरातली आहे, आपण कशाला मध्ये पडायचं? आपली तेवीस कार्डं बाहेर आहेत, मॅडम. उद्या तेवीसच्या तेवीस परत आली तर चौदा घरांच्या चुली काय म्हणतील?"

"पण नदाफांचं..."

"त्यांचं मी बघतो. थोरबोल्यांशी माझं बरं आहे. नंतर सांगेन सावकाश. तुम्ही आज काही बोलू नका, एवढं ऐका."

एवढ्यात जेवायला बोलावणं आलं. पाटांपुढे पानं मांडलेली. मला कांदालसूण चालत नाही म्हणून दहीभात आणि भाकरी वेगळी वाढली होती. माझ्या समोर थोरबोले, शेजारी साहेब. नदाफ ताकाचा जग घेऊन वाढायला उभे होते. माणसं कमी असली की केंद्रावर तेच वाढत.

मी हात जोडले, देवाचं नाव घेतलं आणि घास तोंडात घातला. पहिला घास गेला की माझं मौन सुरू होतं.

थोरबोल्यांनी भाकरी मोडली आणि विचारलं, "काय मग मॅडम, कार्डात काही खोट?"

मी मान खाली ठेवली.

"मॅडमचं मौन असतं जेवताना," साहेब म्हणाले. "चातुर्मास. चार महिने काटेकोर."

"असं होय!" थोरबोल्यांचा स्वर एकदम मऊ झाला. "आमच्या आईचंही होतं. माफ करा हं मॅडम, मी विचारायलाच नको होतं. मग तुम्हीच सांगा, मगदूम. कार्ड ठीक?"

"मॅडमनी तपासलंय. सेन्सरची तार हादऱ्यानं निसटली होती, तेवढंच."

"मग निसटल्यावर पडदा कोरा दिसला असता ना? ह्यांनी अडतीस कुठून काढले? माझंच बरोबर. बसून वही भरली."

साहेबांनी ताक मागितलं.

नदाफ ताक वाढायला वाकले. साहेबांना वाढलं, थोरबोल्यांना वाढलं, मग माझ्यासमोर आले. माझ्या वाटीवर जग धरून ते थांबले. ओतलं नाही. वर बघायचं मी टाळलं. त्यांच्या हातावर जळक्या कपाटाचा काळा डाग होता, तोच बघत राहिले. मग ताक वाटीत पडलं आणि ते पुढे गेले.

त्या दिवशी मी फार सावकाश जेवले. एरवी माझं ताट सगळ्यांच्या आधी रिकामं होतं. त्या दिवशी भाताचं एकेक शीत उचलत होते. थोरबोले उठले, हात धुतले, "मला संघावर जायला हवं, मॅडमना सावकाश होऊ द्या," म्हणाले आणि त्यांची मोटारसायकल फाटकाबाहेर गेली. मग माझं ताट संपलं.

नळाला पाणी नव्हतं. नदाफांनी तांब्यानं माझ्या हातावर पाणी घातलं.

"मौन असतंय व्हय, ताई," ते म्हणाले. "मला ठाव नव्हतं. मी आपला मनात वाईट आनला. देवाचं काम म्हनल्यावर तुमी तरी काय करनार?"

मी हात पुसले. मौन तेव्हा संपलं होतं. बोलायला काहीच हरकत नव्हती. मी बोलले नाही.

परतीच्या वाटेवर वाती वळल्या नाहीत. साहेब दोनदा म्हणाले, "मी सांगतो थोरबोल्यांना, सावकाश." तिसऱ्यांदा काही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावला. एकवीस वाती पुऱ्या केल्या. साडेसातला सासूबाईंनी पानं घेतली. मी बसले, हात जोडले, नाव घेतलं, पहिला घास घेतला. समोर त्या मऊ भात कालवत होत्या. घास तोंडात तसाच फिरत राहिला.

"अगं, गिळ की," त्या म्हणाल्या. त्यांना ठाऊक होतं मी उत्तर देणार नाही, तरी त्या माझ्याशी बोलत असत. "का गं? भात कच्चा राहिलाय का?"

मी घास गिळला आणि म्हटलं, "आई, मी आज एका माणसाला बुडवून आले."

त्यांचा हात थांबला. चातुर्मासात जेवताना माझा आवाज त्यांनी चार वर्षांत ऐकला नव्हता.

मी सगळं सांगितलं. पडदा, तार, ताकाचा जग. त्यांना कार्डातलं काही कळलं नसेल. पण एका माणसाचं खरं लिहिलेलं खोटं ठरलं आणि ज्या बाईला ते माहीत होतं ती गप्प बसली, एवढं त्यांना कळलं.

"व्रत होतं म्हणून गप्प बसलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी तुला नियम सांगितले होते ना गं?"

"सांगितले होते."

"तिसरा काय होता?"

मी भातातून हात काढला.

"माझी मनीषा लहान असताना, मी जेवत होते आणि ती रांगत शेगडीपाशी गेली. मी ओरडले. पान तिथंच सोडून उठले, तिला उचललं. त्या दिवशी पुन्हा जेवले नाही. माझ्या सासूबाई म्हणाल्या, व्रत मोडलं नाहीस, पान मोडलंस. जेवताना बोलावंसं वाटलं तर बोलू नये. बोलावं लागलं तर पान सोडावं आणि बोलावं. उपाशी राहायचं, बास. एवढी सोय आहे, पोरी. हे मी तुला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. दुपारी पाटावर बसले तेव्हाही ते मला आठवत होतं. नदाफ वाटीवर जग धरून थांबले तेव्हाही. आणि त्या दुपारी मला भूक लागलेली नव्हती. प्रश्न येणार हे कळत होतं, म्हणून तो येण्याआधी मी घाईनं घास घेतला होता.

मी ताटापुढून उठले. सासूबाईंनी माझं ताट झाकलं नाही, सकाळी गाईला घालायला बाजूला ठेवलं. "पाणी पी," एवढंच म्हणाल्या.

रविवारी कारखाना बंद असतो. माझ्याकडे किल्ली होती. मी एकटीच बसून त्या दोन ओळी काढल्या. आता उत्तर आलं नाही तर कार्ड तीनदा विचारत होतं. तीनदाही आलं नाही तर रेघा दाखवत होतं, आणि रेघांशेजारी शेवटचं खरं उत्तर कधी आलं ती वेळ. खरं तर हे काम एका दुपारचंच होतं. जूनमध्येही तेवढंच होतं.

चारच्या सुमाराला मगदूमसाहेब आले. दारातूनच त्यांना उघडा पडदा दिसला.

"तुम्ही उद्या तिथं जाणार," ते म्हणाले.

"हो साहेब. दहाला चौकशी आहे. जुनी टीपही छापून घेतलीय. 'तात्पुरते, सोमवारनंतर काढणे.' माझ्या हातची, तारखेसकट."

"त्यावर नाव माझं नाही."

"नाही. ओळी मी लिहिल्या."

ते खुर्चीत बसले, मग लगेच उठले. "संघानं सगळं परत धाडलं तर?"

"तेवीस ठिकाणी मी स्वतः जाऊन नवा प्रोग्राम भरून येईन. रोज एक. एसटीनं."

"आणि नाहीच ठेवून घेतलं तर, मॅडम?"

"तर नाही."

साहेबांनी टेबलावरचं कार्ड उचललं, उलटसुलट करून पुन्हा ठेवलं. "मी येणार नाही हं," ते म्हणाले. दारापाशी जाऊन वळले. "थोरबोले तुम्हाला आधी जेवायला बसवतील बघा. पाहुणचारात माणूस पक्का आहे."

"आधी बोलेन. मग बसेन."

सोमवारी पहाटेच वाती वळल्या. कापसात खरंच कचरा होता. दिव्यात वात तडतडली तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "ह्या वर्षी कापूस कुठला गं आणलास?" पुढच्या आषाढापासून आमच्याकडे शेंडेवाडीहून पिंजलेला, हात लावला तर ढगासारखा कापूस येऊ लागला. अजून येतो. पण त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हतं.

सातला मी कारखान्यात गेले. नवा प्रोग्राम भरलेलं कार्ड, छापलेला कागद आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवली. डबा घेतला नव्हता. टेबलावर दुसरं कार्ड जोडलेलं होतं. त्याचा पांढरा जोड मी खोबणीतून काढून बाजूला ठेवला. पान ताजं झालं.

तापमानापुढे दोन रेघा होत्या.

साहेब आल्यावर त्यांना दिसाव्यात म्हणून पडदा तसाच चालू ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि शेंडेवाडीची एसटी धरायला स्टँडकडे चालू लागले.